कोटेशनची शेवटची ओळ : स्वस्त घरगुती डेस्कटॉप जुळवण्याच्या वादाचा आढावा

सिकंदराबादच्या पार्क लेनमधल्या चिनॉय ट्रेड सेंटरला हैदराबादेत पूर्ण नावानं कुणी ओळखत नाही. ‘सीटीसी’ म्हटलं की रिक्षावाला पॅराडाइज चौकाकडे वळतो. आत कॉम्प्युटरच्या सुट्या भागांची दुकानं दाटीवाटीनं बसलेली. आपण बजेट सांगायचं, दुकानदार पॅड ओढतो आणि वरून खाली लिहीत जातो : प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी, मॉनिटर, कॅबिनेट. सगळ्यात शेवटी, बहुतेकदा कॅबिनेटच्याच ओळीत, ‘विथ एसएमपीएस’, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. नातेवाइकांसाठी आणि काचीगुड्यातल्या ओळखीच्या मराठी घरांसाठी अशी कोटेशनं मी बरीच घेतली आहेत. किमती बदलल्या, दुकानं बदलली, हा क्रम मात्र तोच राहिला.

‘कमी पैशांत घरचा डेस्कटॉप कसा जुळवावा’ या प्रश्नावरचा सगळा वादही याच क्रमानं चालतो. पहिल्या ओळीवर लोक हमरीतुमरीवर येतात, शेवटच्या ओळीवर कुणी बोलत नाही. यंदा बहिणीची मुलगी इंटर संपवून इंजिनिअरिंगला गेली आणि मामाकडे यादी मागायला आली, तेव्हा हा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून पाहावा लागला. इथं ‘कमी पैशांत’ म्हणजे मॉनिटर धरून साधारण ३५ ते ४५ हजार रुपये. काम म्हणजे अभ्यास, प्रोग्रॅमिंग, घरचे हिशोब, सिनेमे आणि अधूनमधून एखादा खेळ.

ईसीआयएलपासून सीटीसीपर्यंत

सुटे भाग जोडून कॉम्प्युटर उभा करणं या शहराला नवं नाही. अणुऊर्जा खात्याच्या आधारानं ईसीआयएल ही सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कंपनी १९६७ साली इथं सुरू झाली, आणि टीडीसी-१२ हा देशी कॉम्प्युटर १९६९ साली तिच्या नावावर लागला. आज शहरातल्या निम्म्या लोकांना ‘ईसीआयएल’ म्हणजे बसच्या पाटीवरचं शेवटच्या थांब्याचं नाव वाटतं, तो भाग वेगळा.

घरोघरी ‘असेंबल्ड’ कॉम्प्युटर येण्यासाठी दोन गोष्टी घडाव्या लागल्या. १९८४ च्या धोरणानं आयात आणि उत्पादनावरचे निर्बंध सैल झाले. मग भारत १९९७ साली माहिती तंत्रज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला आणि प्रोसेसर, मेमरी यांसारख्या भागांवरचं आयातशुल्क २००५ पर्यंत टप्प्याटप्प्यानं शून्यावर आलं. दिल्लीचं नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, बंगळुरूचा एसपी रोड आणि आमचं सीटीसी हे सगळे बाजार याच काळात फुगले. ब्रँडेड मशीनच्या मानानं असेंबल्ड बरंच स्वस्त पडे, त्यामुळे तेव्हा वाद फारसा नव्हताच.

आता तो फायदा आटला आहे. मोठ्या कंपन्या हजारोंनी भाग उचलतात, आपण एकेक नग. त्यावर १८ टक्के जीएसटी. शिवाय असेंबल्डच्या हिशोबात विंडोजचा परवाना कुणी धरत नाही. दुकानातला मुलगा ‘डाल के देता साब’ म्हणतो आणि कुठलीशी चोरीची प्रत टाकून मोकळा होतो. रीतसर घ्यायला गेलं तर तो परवाना साध्या मदरबोर्डपेक्षा महाग पडतो. ही रक्कम गाळून केलेली ब्रँडेड-असेंबल्ड तुलना अप्रामाणिक आहे. उबंटूसारखी मोफत प्रणाली चालवणार असाल तर गोष्ट निराळी.

मुळात जुळवायचा का?

वादाचं पहिलं टोक इथं आहे. एका पक्षाचं म्हणणं असं की या बजेटात नवे भाग घेऊच नयेत, ऑफिसातून निघालेलं जुनं मशीन घ्यावं. हायटेक सिटीतल्या कंपन्या तीन ते पाच वर्षांच्या भाडेपट्ट्यावर डेस्कटॉप घेतात. मुदत संपली की डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटडेस्क, लेनोव्होचे थिंकसेंटर ढिगांनी बाजारात येतात. त्यांची बांधणी दणकट असते, आणि विंडोजची किल्ली बहुधा बोर्डाच्या फर्मवेअरमध्येच असल्यानं परवान्याचा प्रश्नही सुटतो.

दुसऱ्या पक्षाचे आक्षेपही खरे आहेत. या मशीनमधला एसएमपीएस आणि त्याचे जोड कंपनीच्या स्वतःच्या मापाचे असतात. तो गेला की सीटीसीत तसाच दुसरा शोधत फिरावं लागतं. बारीक कॅबिनेटमध्ये पूर्ण उंचीचं ग्राफिक कार्ड बसत नाही. आणि सगळ्यात मोठी तारीख म्हणजे १४ ऑक्टोबर २०२५. त्या दिवशी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलची आठवी पिढी किंवा तिच्या पुढचाच प्रोसेसर अधिकृतपणे चालतो. त्यामुळे चौथ्या-सहाव्या पिढीची मशीनं पडेल भावानं विकायला आली. ती स्वस्त का झाली हे मात्र विकणारा सांगत नाही.

माझा कौल असा : आठव्या पिढीचा आय५, म्हणजे सहा कोरचा २०१७-१८ चा प्रोसेसर असलेलं मशीन चांगल्या स्थितीत मिळत असेल तर ते नाकारायला फारसं कारण नाही. भाचीनं ते नाकारलं. तिला स्वतःच्या हातानं जुळवायचं होतं, आणि शिकायला निघालेल्या मुलीला ते कारण पुरेसं आहे.

पहिली ओळ : प्रोसेसर

सर्वाधिक शाई या ओळीवर सांडली आहे, म्हणून मी थोडक्यात आटोपतो. एएमडीच्या बाजूचं मुख्य म्हणणं सॉकेटच्या, म्हणजे बोर्डावरच्या प्रोसेसरच्या खोबणीच्या, आयुष्याचं. एएम४ सॉकेटचे पहिले रायझन २०१७ साली आले आणि त्या काळच्या कित्येक बोर्डांवर, बायोस अद्ययावत केल्यावर, २०२२ सालचे प्रोसेसरही बसले. इंटेलनं त्याच सुमाराच्या काळात एलजीए ११५१, १२००, १७०० आणि २०२४ साली १८५१ अशी सॉकेटं बदलली. तेव्हा आज बोर्ड घ्या, चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदला, असा हा युक्तिवाद.

इंटेलचे समर्थक विचारतात, घरगुती ग्राहक असा प्रोसेसर बदलतो तरी किती वेळा? माझ्या ओळखीतल्या घरांपुरतं सांगायचं तर जवळजवळ कधीच नाही. सहा-सात वर्षं मशीन रेटतात आणि मग सगळंच बदलतात. शिवाय आय३-१२१०० आणि आय५-१२४०० हे २०२२ च्या सुरुवातीचे प्रोसेसर स्वस्त एच६१० बोर्डावर बिनतक्रार चालतात. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीतल्या, मुख्यतः वरच्या श्रेणीच्या प्रोसेसरांत व्होल्टेजचा जो दोष २०२४ साली गाजला, त्याची झळ १२व्या पिढीला नव्हती.

एएमडीकडून या बजेटात बराच काळ एकच नाव पुढे होतं : रायझन ५ ५६००जी. सहा कोर, आत बऱ्यापैकी ग्राफिक, त्यामुळे वेगळं कार्ड नको. त्याची उणीव जुन्या पीसीआयई ३.० जोडणीची आणि थांबलेल्या एएम४ रस्त्याची. पुढचा एएम५ रस्ता २०२२ साली खुला झाला आणि एएमडीनं तो २०२७ पर्यंत तरी चालू ठेवण्याचं आश्वासन दिलं आहे, पण त्याला डीडीआर५ रॅमच लागते. हा मुद्दा पुढे महागात पडणार आहे.

एका अक्षराचा घोळ मात्र इथंच सांगायला हवा. इंटेलच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल तर आत ग्राफिक नसतं. रायझन ५ ५५०० मध्येही नसतं, पण तिथं नावावरून कळतही नाही. शेजारच्या मुलानं हजार-दीड हजार वाचवून १२४००एफ घेतला, घरी आणून बोर्डाच्या एचडीएमआयला मॉनिटर लावला आणि रात्रभर काळ्या पडद्याकडे बघत बसला. मशीन चालू होतं, फक्त चित्र काढणारं आत कुणीच नव्हतं.

रॅम : ज्या ओळीनं सगळी गणितं बिघडवली

दोन वर्षांपूर्वी हा आढावा लिहिला असता तर रॅमला चार वाक्यं पुरली असती. ‘१६ जीबी घ्या, ८-८ च्या दोन काड्या घ्या’, संपलं. दोन काड्या का, तर एक काडी प्रोसेसरशी ६४ बिटांच्या वाटेनं बोलते, दोन लावल्या की वाट दुप्पट रुंद होते. ज्यांचं ग्राफिक प्रोसेसरच्या आत आहे त्यांना याचा फार फरक पडतो, कारण ते ग्राफिक स्वतःची मेमरी नसल्यानं याच रॅमवर जगतं. ५६००जीला एकच काडी लावणं म्हणजे एका नाकपुडीनं धावायला सांगणं.

मग २०२५ साल उजाडलं. मोठ्या उत्पादकांनी डीडीआर४ आटोपती घ्यायचं ठरवलं, तसा तिचा भाव वर्षाच्या मध्यालाच चढला. दिवाळीनंतर डीडीआर५ सुद्धा काही महिन्यांत दुपटी-तिपटीनं महागली. कारण कृत्रिम बुद्धिमत्तेची डेटा सेंटरं. त्यांना लागणारी एचबीएम ही थरांची मेमरी त्याच कारखान्यांत होते, आणि तेवढ्याच जीबीला साध्या रॅमहून जास्त सिलिकॉन खाते. जगातली बहुतांश डीरॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांकडे. त्यातल्या मायक्रॉननं ३ डिसेंबर २०२५ रोजी ग्राहकांसाठीचा ‘क्रुशल’ हा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. सीटीसीत क्रुशलच्या काड्या वर्षानुवर्षं काचेच्या कपाटात दिसायच्या.

बाजाराला असे झटके नवे नाहीत. २०११ मध्ये थायलंडच्या पुरानं हार्ड डिस्क महागल्या होत्या, आणि पुढे इथेरियम या आभासी चलनाच्या खाणकामानं ग्राफिक कार्डं बाजारातून गायब केली होती. दोन्ही वेळा भाव उतरले. पण पूर ओसरतो हे ठाऊक होतं. ही मागणी कधी ओसरेल यावर तज्ज्ञांत एकमत नाही, आणि इथं सल्ले देणाऱ्यांचे सरळ तीन तट पडले आहेत.

पहिले म्हणतात थांबा. दुसरे म्हणतात एएम४ किंवा एलजीए १७०० वर जुनी डीडीआर४ सेकंडहँड घ्या, कारण रॅम सहसा झिजत नाही. त्यांचा सल्ला मानायचा तर एक पथ्य पाळावं लागतं : एलजीए १७०० चे बोर्ड दोन्ही प्रकारचे येतात, डीडीआर४ चे आणि डीडीआर५ चे, आणि एकाची काडी दुसऱ्यात जात नाही. खाचच वेगळ्या जागी असते. तिसरे म्हणतात आज एकच काडी घ्या, दुसरी भाव उतरल्यावर. दोन वर्षांपूर्वी या तिसऱ्या सल्ल्याला मी अडाणीपणा म्हटलं असतं. आज तसं म्हणवत नाही.

ग्राफिक कार्ड आणि एसएसडी

‘मामा, ग्राफिक कार्ड नको का?’ हा प्रश्न भाचीनंही विचारलाच. स्वस्तातलं नवं कार्ड ही जमातच जवळजवळ नामशेष झाली आहे. जीटी ७१० आणि ७३० अजून विकली जातात, पण ५६००जीच्या आतलं ग्राफिक त्यांना सहज मागं टाकतं. तेव्हा एक तर काहीच नको, नाही तर सेकंडहँड. इथेरियमनं १५ सप्टेंबर २०२२ ला खाणकाम बंद केलं तेव्हा वापरलेली कार्डं बाजारात ओतली गेली. त्यांचा पंखा आणि थर्मल पेस्ट बदलून ती नीट चालतात असं एक म्हणणं, आणि वर्षभर अखंड तापलेल्या वस्तूवर पैसे कशाला लावायचे असं दुसरं. दोघांनाही एक सांगणं : आरएक्स ५८० घेताना कोरची संख्या पाहा. अस्सल कार्डात २३०४ असतात, ‘२०४८एसपी’ नावाचं जे फिरतं ते खरं तर ५७० च्या जवळचं.

एसएसडीबद्दल वाद उरलेला नाही. ती हवीच, आणि बोर्डावर एम.२ ची जागा असेल तर एनव्हीएमई. जुन्या साटा जोडणीचा वेग सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास अडतो, एनव्हीएमईचा काही पटींनी पुढे जातो, पण रोजच्या वापरात हा फरक हार्ड डिस्क सोडून एसएसडीवर येताना जाणवतो तेवढा जाणवत नाही. अनोळखी नावाची घेऊ नये, आणि डब्यावर किती टीबी लिहिता येतील याचा आकडा दिलाय का तेवढं पाहावं.

शेवटची ओळ

आता एसएमपीएस. काउंटरवर दोन डबे शेजारी ठेवून पाहावेत. दोन्हींवर ‘४५०’ लिहिलेलं. एक उचलला की हात खाली जातो, दुसरा रिकाम्या लाडवाच्या डब्यासारखा. वजन हा पुरावा नव्हे, पण आत उष्णता खेचणारं ॲल्युमिनियम, रोहित्र आणि कपॅसिटर किती आहेत याचा अंदाज त्यावरून येतो. खरा पुरावा बाजूच्या लेबलावर असतो. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते वाचायचं. हलक्या डब्यावर मला १६ सापडले. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. मग ४५० कुठून आले? तो मॉडेलचा क्रमांक, दुकानदार म्हणाला, आणि तो खोटं बोलत नव्हता. नीट बनवलेल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर त्याच रकान्यात ३६-३७ अँपिअर असतात.

अशा हलक्या ‘लोकल’ डब्याच्या बाजूनंही बोलायला जागा आहे, आणि ती मांडायलाच हवी. वेगळं कार्ड नसलेलं ५६००जी किंवा आय३चं मशीन पूर्ण ताणाखालीही साधारण शंभर-सव्वाशे वॅट खातं. मग १९२ पुरेत की. ‘साब, चलता, कुछ नै होता,’ असं म्हणणाऱ्या दुकानदाराकडे पाच-पाच वर्षं चाललेल्या मशीनचे दाखले असतात. इथल्या दखनीत ‘नक्को’ हा आपला शब्द आहे. तो दुकानात वापरायला मला एक उन्हाळा जळावा लागला. आमच्या घरच्या मशीनमधला लोकल एसएमपीएस मे महिन्यात गेला तो बोर्डाला आणि हार्ड डिस्कला बरोबर घेऊन. दुकानानं एसएमपीएस बदलून दिला, बाकीचं आमच्या नशिबावर.

विरुद्ध पक्षाचा मुद्दा वॅटचा नाहीच, संरक्षणाचा आहे. व्होल्टेज चढलं किंवा आत शॉर्ट झालं तर चांगला एसएमपीएस स्वतः बंद पडतो आणि बाकीच्यांना वाचवतो. स्वस्तातल्यांत ही सर्किटं बहुधा गाळलेली असतात. ‘८० प्लस’चा शिक्का याचं उत्तर देत नाही. २००४ पासूनचा तो कार्यक्रम मोजतो ती कार्यक्षमता, म्हणजे भिंतीतून ओढलेल्या विजेपैकी किती कामी येते ते. संरक्षण त्याच्या कक्षेबाहेरचं. शिक्का असलेला एसएमपीएस सहसा बरा असतो, पण शिक्क्यामुळे नव्हे.

विजेचाच आणखी एक वाद घरोघरी आहे : घराला इन्व्हर्टर असताना वेगळा यूपीएस कशाला? वीज गेल्यावर इन्व्हर्टर ‘यूपीएस मोड’मध्ये दहा-पंधरा मिलिसेकंदांत बदली करतो, साध्या मोडमध्ये त्याहून बराच वेळ घेतो. चांगला एसएमपीएस आपल्या कपॅसिटरांतल्या साठ्यावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. म्हणजे इन्व्हर्टर आणि एसएमपीएस दोन्ही धड असतील तर मशीन डोळाही मिचकावत नाही. एक ढिला असला की रीस्टार्ट. म्हणून एकाच गल्लीत दोन घरांचा अनुभव उलटा असतो आणि दोघं खरं बोलत असतात.

जाता जाता : कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर दोष कॉम्प्युटरचा नाही, भिंतीतल्या तिसऱ्या तारेचा आहे. एसएमपीएसमधला गाळणीचा भाग थोडी वीज अर्थिंगकडे सोडतो. अर्थिंगच नसेल तर ती पत्र्यावर थांबते. बरकतपुरा-काचीगुड्याकडच्या जुन्या घरांत हे मी कितीदा पाहिलं आहे. कोटेशनमध्ये ही ओळ कधीच नसते, कारण तिचे पैसे इलेक्ट्रिशियनला जातात.

कुठून घ्यायचं

ऑनलाइन बहुतेक वेळा स्वस्त, आणि भाव लपत नाहीत. सीटीसीत वस्तू हातात घेऊन पाहता येते, जोडणी होते, आणि बिघडली तर त्या काउंटरवर जाऊन उभं राहता येतं. प्रोसेसर आणि बोर्डाला साधारण तीन वर्षांची हमी असते. ती बजावायला बिल लागतं, आणि बिल पक्कं हवं. जीएसटी वाचवून कच्च्या चिठ्ठीवर घेतलेला भाग तिसऱ्या महिन्यात अनाथ होतो. डब्याशिवाय विकल्या जाणाऱ्या ‘ट्रे’ प्रोसेसरची हमी कोण देणार, कंपनी की दुकानदार, हे चिठ्ठीवर लिहून घ्यावं. कॅबिनेट घेताना पुढचा भाग काचेचा आहे की जाळीचा, तेही पाहावं. मे महिन्यात चाळिशी ओलांडणाऱ्या या गावात पुढची काच शोभेपुरती.

न सुटलेलं

डीडीआर४ चं जुनं घर की डीडीआर५ चं महाग नवं, याचं उत्तर रॅमच्या भावावर टांगलेलं आहे. नव्या सॉकेटचं वाढीव मोल देण्याइतका घरगुती ग्राहक खरंच पुढे भाग बदलतो का, हे कुणी नीट मोजलेलं माझ्या पाहण्यात नाही. विंडोज ११ न पेलणाऱ्या धडधाकट मशीनचं काय करायचं, यावर लिनक्सवाले आणि विंडोजवाले एकमेकांचं ऐकत नाहीत.

भाचीनं शेवटी एएम४ घेतलं. कोटेशन तिनं माझ्यासमोर उलटं लिहायला लावलं, एसएमपीएसपासून सुरुवात करून. पॅडवरची पेन्सिल थांबवून दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. उलट्या क्रमानं वर चढता चढता रॅमपाशी पैसे अडले. ८ जीबीची एकच काडी आली, आणि बोर्डावरचा शेजारचा स्लॉट सध्या रिकामा आहे. तिथं धूळ जाऊ नये म्हणून तिनं कागदाची घडी घालून ठेवली आहे. दर रविवारी ती मला रॅमचा भाव कळवते.